लाज कोणी बाळगायची?

"लज्जा हे स्त्रीचे भूषण" हे वाक्य आपण सर्वजणींनी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, ते तपासून पाहावे असे कधी मनातच येत नाही. मुलगी जरा मोठ्याने हसली, संध्याकाळी दारात उभी राहिली, पुरुषमाणसांसमोर उलटून बोलली, की घरातली वडीलधारी बाई पहिला शब्द ऐकवते, "लाज नाही वाटत?" तसेच मुलगा वागला तर "मुलगाच तो, वागायचा असा" म्हणून सोडून देतात. दागिने जसे बाईने घालायचे, तशी लाजही बाईनेच बाळगायची, असा जणू वाटपच करून ठेवला आहे.

पण आपल्याच भाषेत दुसरीही एक म्हण आहे. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी. आपल्या आजीपणजीने ही म्हण करताना किती विचार केला असेल, पाहा. लाज दोन तऱ्हेची असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. एक जनाची, म्हणजे चार लोक काय म्हणतील ही. दुसरी मनाची, म्हणजे आपण केले ते आपल्याच मनाला टोचते ती. पहिली बाहेरून येते आणि दुसरी आतून. पहिली माणसाला झाकायला शिकवते, दुसरी सुधारायला लावते.

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड आहे, आणि मिळतील तशी जुन्या काळातील स्त्रियांची चरित्रे मी वाचीत आले. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आली. जिच्यावर अन्याय झाला तिच्याच पदरात समाजाने लाज टाकली, आणि ज्याने अन्याय केला तो मान वर करून हिंडला. आपल्या महाराष्ट्रात गेल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या सुधारणा झाल्या, त्यांत ही चुकीच्या पदरात पडलेली लाज उचलून जिथल्या तिथे ठेवण्याचेच काम पुष्कळसे होते. तोच इतिहास थोडक्यात सांगते.

१८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. बाईने लिहिणे-वाचणे हीच त्या काळी लाजेची गोष्ट, मग भर रस्त्याने जाऊन दुसऱ्यांच्या मुलींना शिकविणे म्हणजे केवढा गहजब! त्या शाळेत निघाल्या की लोक त्यांच्या अंगावर चिखल, शेण टाकीत, खडे मारीत. सावित्रीबाई बरोबर दुसरे लुगडे नेत, शाळेत गेल्यावर बदलीत आणि शिकवायला उभ्या राहात. आता विचार करा, भर रस्त्यात परक्या बाईच्या अंगावर शेण टाकणे ही लाजेची गोष्ट, की मुलींना अक्षरे शिकविणे ही? पण त्या वेळी शेण टाकणारे पुरुष घरी जाऊन सुखाने जेवत असत, आणि सुनेच्या वागण्याने मान खाली घालावी लागली ती सासरे गोविंदरावांना. लोकांनी त्यांच्यामागे इतका तगादा लावला की १८४९ साली त्यांनी मुलाला व सुनेला घराबाहेर जाण्यास सांगितले. गोविंदराव काही दुष्ट नव्हते. त्यांनीच मुलाला शिकविले होते. पण जनाची लाज अशी असते की ती बापाकडूनही पोटच्या मुलाला उंबऱ्याबाहेर काढविते.

त्या काळची सर्वांत मोठी लाज म्हणजे वैधव्य. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होई, आणि ज्याचा चेहराही तिला नीट आठवत नसे तो नवरा वारला की तिचा जन्म संपे. ब्राह्मण आणि काही इतर जातींत तिला न्हाव्यापुढे बसवीत, डोक्यावरचे केस काढीत, लाल अलवण नेसवीत. शुभकार्यात तिने तोंड दाखवायचे नाही, सकाळी कोणी बाहेर निघाले तर समोर यायचे नाही. का, तर तिला पाहून कोणाचे मन चळू नये! मन पुरुषाचे चळणार आणि केस बाईचे जाणार. इतके करूनही घरातल्याच एखाद्या पुरुषाची वाईट नजर त्या असहाय मुलीवर पडे. पुढे दिवस गेले की तो नामानिराळा राही, आणि हिच्यापुढे दोनच वाटा उरत. एक विहिरीची, आणि दुसरी जन्मलेल्या बाळाचा गळा दाबण्याची. आईने आपल्या बाळाला मारावे, याहून भयंकर ते काय असणार? पण लाजेने तेही घडवून आणले.

१८६३ साली पुण्यात अशीच एक घटना घडली. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असणाऱ्या एका ब्राह्मण विधवेवर असा प्रसंग आला. तिने बाळाला मारून विहिरीत टाकले. खटला होऊन तिला अंदमानात जन्मठेपेची शिक्षा झाली. ज्याच्यामुळे हे सारे घडले त्याला समाजाने कोणतेही प्रायश्चित्त दिले नाही. ही हकिकत जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ते हळहळून थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी आपल्या घरीच अशा स्त्रियांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. कोणाही विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशा जाहिराती त्यांनी भिंतींवर लावल्या. तेथे येणाऱ्या बायकांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. हा मुलगा शिकून डॉक्टर झाला. १८९७ साली प्लेगची साथ आली तेव्हा मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली, आणि त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ज्या मुलाला जग लाजेचे मूल म्हणून विहिरीत ढकलणार होते, त्याच मुलाने शेकडो लोकांचे दुखणे हाती घेतले. यावर आणखी काय लिहावे?

याच सुमारास सरकारी कायदाही झाला होता. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने परवानगी मिळाली. पण कायदा कागदावर आणि लाज काळजात. विष्णुशास्त्री पंडितांनी खटपट करून १८६९ साली मुंबईत एक पुनर्विवाह लावून दिला, तर केवढे वादळ उठले! त्यात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडले. कायद्याने दार उघडले तरी उंबऱ्यावर चार लोक उभे असतील, तर आतली बाई बाहेर कशी पडणार?

ह्या साऱ्यावर एका बाईनेच तोंड उघडले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. पण त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीला नावे ठेवणारे लेख येऊ लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झाले नाही. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. भाषा अगदी आपल्या माजघरातली, रोखठोक. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या अंगी आहेत म्हणता, ते पुरुषांच्या अंगी नाहीत का, एवढाच त्यांचा साधा प्रश्न. त्याचे उत्तर कोणी धड दिले नाही. उलट लेखिकेवर टीकेची झोड उठली. जोतीरावांनी मात्र त्यांची बाजू जाहीरपणे घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आले नाही.

एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती पुष्कळजणींना ठाऊक नसते. १८९० साली मुंबईत न्हावी समाजाची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यात पुढाकार घेतला होता. आम्ही यापुढे विधवांचे केस कापणार नाही, असे त्या लोकांनी ठरविले. हातावर पोट असणारी ही माणसे. फार शिकलेली नव्हेत, शास्त्र वाचलेली नव्हेत. पण आपल्या हातून त्या पोरींवर पाप होते, याची त्यांच्या मनाला लाज वाटली. ज्या पंडितांनी ते करविले त्यांच्या मनाला ती वाटली नव्हती. हीच मी म्हणते ती मनाची लाज.

आता रखमाबाईंची कथा सांगते, कारण त्यांच्याइतकी जनाची लाज क्वचितच कोणा बाईच्या वाट्याला आली असेल. १८६४ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. आई जयंतीबाई लहानपणीच विधवा झालेल्या, त्यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले होते. पण त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडिलांच्या आधाराने घरीच शिकल्या. दादाजींचे काही शिक्षण झाले नाही, प्रकृतीही चांगली नव्हती. रखमाबाईंनी ठरविले की मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही. १८८४ साली दादाजींनी कोर्टात दावा लावला.

त्या वेळच्या बाईने कोर्टात जाणे म्हणजे काय, याची कल्पना करा. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली. "झाकली मूठ सव्वा लाखाची" असे मानणारा आपला समाज. सावत्र वडिलांविषयी, आईच्या दुसऱ्या लग्नाविषयी, रखमाबाईंच्या शिकण्याविषयी लोक वाटेल ते बोलले. १८८५ साली न्यायमूर्ती पिनी यांनी, अजाण वयात झालेल्या लग्नासाठी या बाईला बळजबरीने नांदायला पाठविता येणार नाही, असा निकाल दिला. पण अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, एक महिन्यात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी उत्तर दिले की मी तुरुंगात जाईन.

भगिनींनो, तुरुंगात जाणे ही केवढी नामुष्की! चांगल्या घरातला पुरुषही त्या शब्दाने काळवंडून जाई. आणि बावीस वर्षांची ही मुलगी म्हणते, ती नामुष्की मी पत्करते, पण मनाविरुद्ध संसार करणार नाही. त्याआधीच त्यांनी 'एक हिंदू स्त्री' अशा नावाने मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली होती. लोकमान्य टिळकांसारखा मोठा पुढारीही या प्रकरणात त्यांच्या विरुद्ध लिहीत होता. पण त्यांच्या बाजूनेही पुष्कळ माणसे उभी राहिली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि तडजोड झाली. हे प्रकरण, आणि त्यानंतर बंगालमध्ये एका कोवळ्या मुलीचा झालेला मृत्यू, यांमुळे १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाचे वय बाराचे झाले. बारा म्हणजे तरी काय, पण तेवढ्यालाही केवढा विरोध झाला!

रखमाबाई १८८९ साली विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या, आणि सुरत व राजकोट येथे बायकांच्या इस्पितळात त्यांनी जन्मभर काम केले. निवृत्त झाल्यावर पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १९५५ साली, नव्वद वर्षे ओलांडून त्या वारल्या. दादाजी वारल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसायला सुरुवात केली, असे सांगतात. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात लग्न मानले नाही त्याचे वैधव्य का घेतले? लोकांसाठी, की आपल्या मनासाठी? मला वाटते, याचे उत्तर आपण देण्याच्या भरीस पडू नये. इतकी शूर बाईसुद्धा लाजेपासून अगदी मोकळी झाली नसेल, तर आपण एकमेकींना फार कठोरपणे तोलू नये, एवढे मात्र यातून घेता येईल.

पुरुषांनाही जनाच्या लाजेने सोडलेले नाही. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. पण १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांनी लग्न केले. लोक हसले, सुधारकांनी दोष दिला. पण त्याच मुलीला त्यांनी लगेच शिकवायला घेतले, आणि त्या रमाबाई रानडे पुढे पुण्याच्या सेवासदनाचा आधार झाल्या. रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले. घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांना इंग्रजी शिकते म्हणून किती टोचून बोलत, बाहेर सभेत वाचून आल्या तर घरी कसे ऐकून घ्यावे लागे, हे त्यांनी कोणावरही राग न धरता लिहिले आहे. तेथे लाज घालणाऱ्या साऱ्या बायकाच होत्या, हे आपण विसरता कामा नये.

१८९० सालच्या पुण्याच्या चहाची हकिकत तर आज हसू येईल अशी आहे. पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली, तेथे पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. रानडे, टिळक आणि इतर पुष्कळ मंडळी तेथे होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. झाले! ग्रामण्य उभे राहिले. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला, धर्म बुडाला! घरात श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लग्नकार्य अडू लागले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ज्या समाजाने बाळाला विहिरीत टाकायला लावणाऱ्याला कधी प्रायश्चित्त दिले नाही, तो एका पेलाभर चहासाठी दोन वर्षे न्यायनिवाडा करीत बसला. लाज चुकीच्या जागी ठेवली की अशी फजिती होते.

धोंडो केशव कर्वे यांनी मात्र पाऊल मागे घेतले नाही. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई देवरुखच्या, बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेल्या शारदासदनातील त्या पहिल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतात. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. आपल्या घरच्या माणसांना आपल्यामुळे त्रास होतो, हे दुःख दोघांनीही सोसले. पण त्यांनी वैर धरले नाही. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडत. पुष्कळ वर्षे त्या रूढीप्रमाणे केशवपन केलेल्या वेषातच राहिल्या, आणि १९१२ साली त्यांनी स्वतःच्या विचाराने ते सोडले. इतरांसाठी पदर पसरायला त्यांना कधी लाज वाटली नाही. स्वतःचे केस वाढवायला मात्र इतकी वर्षे जावी लागली. स्वतःच्या डोक्यावरची लाज उतरविणे सर्वांत अवघड, हेच खरे.

आतापर्यंत बहुतेक हकिकती वरच्या म्हणविणाऱ्या जातींतल्या सांगितल्या. पण अख्ख्या जातीच्या जातीला लाजेत ठेवण्याचे पाप आपल्याच समाजाने केले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी पाणी प्यायले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, तेथे माणसे प्यायली म्हणून पुढे गोमूत्र आणि शेणाने तळे 'शुद्ध' करण्यात आले! त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद झाली. तेथे बाबासाहेबांनी बायकांसाठी खास भाषण केले. लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसणे, हातापायांत जड कथलाचे, चांदीचे दागिने घालणे, ही आपली जात ओळखू यावी म्हणून पडलेली चाल आहे, ती सोडा, असे त्यांनी सांगितले. मुलींना शाळेत घाला, दारू पिऊन येणाऱ्यांना घरात थारा देऊ नका, असेही बजावले. तेथे जमलेल्या बायकांनी लगेच लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. बाहेरून पाहणाऱ्याला ही लुगड्याची चार बोटे वाटतील. पण जिच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या लाजेची खूण बांधली होती, तिने ती स्वतःच्या हाताने काढली. लाज तळे बाटवणाऱ्यांची नव्हती, तळे बंद ठेवणाऱ्यांची होती, हे त्या दिवसापासून सर्व देशाला कळू लागले.

मग लाज अगदी वाईटच का? तसे मुळीच नाही. लाजच नसेल तर माणूस आणि पशू यांत फरक काय राहिला? वरोऱ्याचे मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांना एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा महारोगी पडलेला दिसला. ते भ्याले आणि घरी पळाले. त्यांना पाहणारे तेथे कोणीही नव्हते. पण आपण माणसाला टाकून पळालो, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले आणि त्याची शुश्रूषा केली. त्या एका लाजेतून १९५१ साली आनंदवन उभे राहिले, साधनाताईंनी त्यात जन्म घातला, आणि ज्यांना घरच्यांनी लाजेपोटी टाकले होते त्या हजारो माणसांना घर मिळाले. तसेच १९५६ साली नोव्हेंबरात तामिळनाडूत अरियालूर येथे रेल्वेचा मोठा अपघात होऊन शंभराहून अधिक माणसे गेली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री काही गाडी चालवीत नव्हते. पण खाते माझे, तेव्हा लाजही माझी, असे मानून त्यांनी राजीनामा दिला. म्हणून तर देश त्यांची आठवण अजून काढतो. मोठ्या माणसाला लाज वाटली की ती राष्ट्राची शोभा होते, आणि ती वाटेनाशी झाली की गरिबाच्या घरात अंधार येतो.

आता जवळच्या काळाकडे येते. १९७२ साली पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीसचौकीतच अत्याचार झाला. खालच्या कोर्टाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवले. उच्च न्यायालयाने पोलिसांना शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या! भ्यालेल्या पोरीने पोलिसाशी झटापट करावी, अशी अपेक्षा. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. अशा पीडित स्त्रीचे नाव छापणे हा तेव्हापासून गुन्हा झाला. पुढे २००५ साली घरातल्या मारझोडीविरुद्धही कायदा आला. पण पुन्हा तेच, कायदा कागदावर आणि लाज काळजात. मार खाल्लेली बाई आजही शेजारणीला "कपाट लागले" म्हणून सांगते, आणि मारणारा सकाळी कोपऱ्यावर सर्वांबरोबर हसत चहा पितो. छातीत गाठ लागली तरी डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून सहा-सहा महिने अंगावर काढणाऱ्या बायका आहेत. कोणी मुलीचे छायाचित्र चोरून काढून मोबाइलवर पसरवले, तर मुलीचे शिक्षण बंद होते, पसरवणाऱ्याचे नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीची विहीर बुजली असेल, पण तिच्याकडे जाणारी वाट अजून बुजलेली नाही.

घरात आपण एवढे तरी करू शकतो की, "लाज नाही वाटत?" हा प्रश्न योग्य माणसाला विचारू. मुलगी त्रासाची गोष्ट सांगायला आली, तर पहिला प्रश्न "तू तिथे गेलीसच कशाला?" असा नसावा. मुलाने कोणाची चेष्टा केली, तर "मुलगाच तो" म्हणून हसू नये. शेजारणीच्या डोळ्याखाली काळे दिसले, तर कपाटाची गोष्ट ऐकून गप्प बसू नये. तिच्याजवळ बसावे. आणि एखादीच्या घरातले समजले, तर ते नळावर वाटण्यापेक्षा पोटात ठेवावे. जनाची लाज जी म्हणतात, ते जन म्हणजे शेवटी आपणच ना?

शेवटी आपल्या मंडळाविषयी एक सूचना मांडते, रागावू नये. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२ मध्ये, त्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद. सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे असे कळविले. एका लहान गावाला जे जमले, ते आपल्याला का जमू नये? आपण दर संक्रांतीला हळदीकुंकू करतो, वाण लुटतो, हौसेने नटतो. त्या दिवशी आपल्यातल्या काही जणी घरातच बसतात किंवा येऊन चटया उचलायला, कप धुवायला मागे उभ्या राहतात. त्यांना कोणी "येऊ नका" म्हणत नाही, पण "या" असेही म्हणत नाही. वर्षभर मंडळाची वर्गणी त्या आपल्याइतकीच भरतात, भिशीत, सहलीत, भजनात त्या आपल्याबरोबर असतात. नवरा गेला यात त्यांचा काय अपराध?

म्हणून माझे म्हणणे असे की, येत्या संक्रांतीपासून मंडळाचे बोलावणे प्रत्येक सभासद भगिनीच्या घरी सारखेच जावे, आणि तिळगूळ, वाण सर्वांना एकाच ताटातून मिळावे. जिला कुंकू लावून घ्यायचे तिला ते मानाने लावावे, जिला नको तिच्यावर बळजबरी नको. काही वडीलधाऱ्या भगिनींना हे लगेच पटणार नाही, हे मी जाणते. त्यांना दोष न देता, रमाबाईंसारखे, राग न धरता समजावू. पहिल्या वर्षी दोघी आल्या तरी चालेल. त्या दोघी पुढच्या रांगेत बसाव्यात, एवढे मात्र आपण सर्वजणींनी पाहावे.